क्लॅरी हॉगनचा चारपट स्कोप

रोज सकाळी चहाचा मग घेऊन क्लॅरी हॉगन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहायचा आणि समोरच्या डोंगरउतारावर जे काही दिसेल त्याला नाव द्यायचा. "दरडीखाली गाय." मग फळीवरची दुर्बीण डोळ्यांना लावून खात्री करायचा. गाय निघाली तर चहाचा घोट घ्यायचा. खोड निघालं तर "अरे लबाडा," असं त्या खोडालाच म्हणायचा, आणि मग घोट. आधी नाव, मग दुर्बीण, मग चहा. हास्ट गावाच्या दक्षिणेला पाऊस लागला की डोंगर दिवसेंदिवस दिसत नाही. तेव्हा चहा नुसताच प्यावा लागे, आणि तो त्याला कधी पुरेसा गोड लागला नाही.

त्याच्या मुलीला, रोंडाला, हा बापाचा एक चाळा वाटायचा. आई गेल्यावर ती रोज सकाळी दोन कुरणं ओलांडून त्याच्याकडे यायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हल्ली "अरे लबाडा" जास्त वेळा ऐकू येतंय.

क्लॅरी या खोऱ्यात आला तो हरणं मारायला. झाडोरा खाऊन डोंगर उघडे पाडणारी हरणं कमी करायला सरकार तेव्हा तरणी पोरं पगारावर ठेवायचं. पुढे लग्न झालं, तसा तो रस्ता सपाट करणारा ग्रेडर चालवायला लागला आणि निवृत्तीपर्यंत दरडींचा चिखल बाजूला सारत राहिला. शिकार मात्र सुटली नाही. एप्रिलमध्ये नर हरणं माजावर येतात, रान त्यांच्या डुरकण्याने भरून जातं. तेव्हा तो गाईचं पोकळ शिंग तोंडाला लावून नरासारखाच डुरकायचा. दुसरा नर भांडायला पुढे आला की घरचा फ्रीझर वर्षभरासाठी भरायचा. रायफलीवर नेम धरायला लग्नाच्या वर्षी घेतलेला स्कोप होता. चारपट मोठं दाखवणारा, एकाच मापाचा. क्लॅरीच्या तळहाताने त्याच्या नळीवरचा काळा रंग कधीच खाऊन टाकला होता.

रोंडाच्या मनात भीती होती. एप्रिलमध्ये रानात हरणं असतात तशी हरणांसारखी डुरकणारी माणसंही असतात. एखाद्या दिवशी बापाने माणसालाच चुकीचं नाव दिलं तर? पण 'आता रायफल ठेवून दे' असं त्याला सांगायचं कसं? म्हणून तिने स्कोपचा विषय काढला. होकिटिका गावातल्या दुकानातून नवा स्कोप घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

"बाबा, हा कमीजास्त करता येतो. तीनपासून नऊपटीपर्यंत. हे कडं फिरवायचं, की झालं."

"माझा चारवरच असतो. फिरवायला विसरायची भानगडच नाही."

"तू कशाला विसरशील?"

"मी नाही, तू विसरशील. परवा बटाटे गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसली होतीस. अख्ख्या खोऱ्याला वास."

म्हणाला खरा, पण नवी वस्तू त्याला स्वस्थ बसू देईना. संध्याकाळी त्याने दोन्ही स्कोप कुंपणाच्या खांबावर वाळूच्या पिशवीत शेजारी शेजारी रोवले, पलीकडच्या खांबावर जर्दाळूचं चित्र असलेला जॅमचा डबा ठेवला आणि उपड्या बादलीवर बसून एकदा या नळीत, एकदा त्या नळीत बघत राहिला. नवे बूट घालून चालून बघणाऱ्या पोरासारखा चेहरा झाला होता.

"नऊवर जर्दाळूचं देठ दिसतं गं! देठ!"

"मग? सांगत होते ना."

"थांब. अंधारू दे."

उजेड उतरत गेला. "आता नऊवर जर्दाळू गेला. डबाही काळा पडला. तीनवर दिसतोय. म्हणजे जितकं मोठं करावं तितका उजेड आटतो. मजा आहे." मग तो आपल्या स्कोपकडे वळला. "आणि माझ्या चारवर बघ. डबा आहे, कुंपण आहे, मागे तुझ्या शेळ्या चरतायत."

"त्या मेंढ्या आहेत, बाबा."

क्लॅरी जरा वेळ नळीतून बघत राहिला.

"मेंढ्याच म्हणालो मी," तो म्हणाला.

नवा स्कोप रोंडाने स्वतःच्याच रायफलीवर बसवला.

एप्रिलमध्ये दोघं रानात गेले. ओढ्याच्या अलीकडे क्लॅरी, पलीकडे रोंडा, ओढा कुणी ओलांडायचा नाही, हे ठरलेलं. दुर्बीण तिने घरीच ठेवली होती. नऊपट स्कोप असताना गळ्यात आणखी ओझं कशाला? वाटेत नदीपारच्या दरडी तिने स्कोपमधूनच बघितल्या आणि कडं तसंच नऊवर राहिलं.

शेवाळलेल्या रिमू झाडाच्या बुंध्याशी बसून तिने जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाला लावली आणि डुरकली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. जाड, चिडलेलं. ती पुन्हा डुरकली. उत्तर जवळ आलं. हाकेच्या अंतरावरची नेची हलली आणि मागे काहीतरी तपकिरी थांबलं. तिने रायफल खांद्याला लावली.

काच तपकिरी रंगाने भरून गेली. केसाळ, ओलसर तपकिरी. मान की पाठ, पुढचा भाग की मागचा, काही कळेना. अंगठ्याने तिने सेफ्टीचा खटका चाचपला. आणि का कोण जाणे, बटाटे जळाल्याचा वास आल्यासारखं झालं. तिने हात मागे घेतला, कडं पार खाली तीनवर आणलं. तपकिरी आक्रसत गेलं. बाजूने नेची आली, बुंधा आला, लोकरीच्या सदऱ्याची बाही आली. रायफल मांडीवर आडवी ठेवून एक म्हातारा दुर्बिणीतून थेट तिच्याकडे बघत होता.

त्याने एक हात वर केला.

रोंडाने रायफल बाजूला जमिनीवर ठेवली. क्लॅरीच चालत आला, धापा टाकत शेजारी बसला आणि थर्मासचं झाकण फिरवायला लागला.

"ओढा कशाला ओलांडलास?" तिचा आवाज फाटला.

"नराने बोलावलं."

"तो नर मी होते!"

"कळलं नंतर. झकास डुरकतेस. मला नाही जमलं असं कधी." त्याने चहा ओतला. थोडा शेवाळावर सांडला. "कितीवर होतं तुझं?"

"नऊवर."

"काय दिसलं?"

"तपकिरी. नुसतं तपकिरी. तुझा तो मेला सदरा!"

"तुझाही तपकिरीच आहे." त्याने तिच्या डोक्यामागे बघितलं. "आणि मला माझ्या चारवर सगळं दिसलं, रोंडे. मान, कान. तुझ्या डोक्यामागे ही फांदी आहे ना, तिची शिंगं. सगळंच्या सगळं हरीण होतं. मी नावही देऊन बसलो."

"मग?"

"मग काय. खिडकीतली सवय. नाव दिलं की हात दुर्बिणीकडे जातो." त्याने झाकणातला चहा तिच्यापुढे केला. "लबाड निघालं."

दोघं एकाच झाकणातून प्यायले. मग क्लॅरीने आपल्या रायफलीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो, ओढून बाहेर काढला, बाहीला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"हा ठेव तुझ्याकडे."

"आजच्यापुरता?"

त्याने थर्मास बंद केला. खालच्या बाजूला कुठेतरी एक खरा नर डुरकला. त्याने मान वळवून ऐकलं, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाला, "म्हातारा आहे. दम बघ किती लवकर संपतो." रोंडाने बोल्ट खिशात टाकला.

त्यानंतरच्या एप्रिलांत तो फक्त दुर्बीण आणि शिंग घेऊन रानात यायचा. रोंडाच्या मागून चालायचा, डुरकायचं काम त्याचं. तिच्या रायफलीवर कोणता स्कोप ठेवायचा ते एकदा तिने विचारलंच. "तुझाच राहू दे," तो म्हणाला, "पण चालताना तीनवर ठेव. नऊ आहे ते बसून जर्दाळू बघायला." आणि खिडकीशी उभं राहिल्यावर आता दुर्बीण रोंडा लावायची. तो नाव द्यायचा, ती खरंखोटं सांगायची. खोटं निघालं की शिवी दोघं मिळून घालायची.

एका सकाळी पाऊस थांबला, डोंगर मोकळा झाला. त्या दुपारी तो खुर्चीत झोपला आणि उठला नाही. पण सकाळी तो नेहमीसारखा खिडकीशी उभा होता, आणि उताराकडे बराच वेळ बघून म्हणाला, "दरडीखाली काहीतरी तपकिरी आहे. आधी बघ, मग सांग. आणि चहात साखर घातलीस का गं?"