शेरणीची पलटण

ब्रह्मदेशच्या लढाईतून मानसिंग हवालदार घरी आला, तेव्हा त्यानं ट्रंकेतून दोन बिल्ले आणि डोक्यातून एका झुडपाची गोष्ट आणली. बिल्ले खुंटीला लागले. गोष्ट मात्र उंब्रजच्या खालच्या अंगाला असलेल्या त्याच्या गावात ज्याला त्याला ऐकावी लागली. नदी ओलांडताना पाय सुटला, पाण्यानं फरफटत नेलं आणि हाताला काठचं एक झुडूप लागलं. झुडूप धारेबरोबर आडवं झालं, त्याला धरून हवालदारही आडवा झाला, पण मूळ काही सुटलं नाही. हे सांगताना तो दर खेपेला पारावर आडवा होऊन दाखवायचा, आणि बसलेल्यांना सरकून जागा द्यावी लागायची.

घरी येऊन बघतो तर कृष्णेच्या पात्रातल्या खडकांत तेच झुडूप उभं! अरुंद, लांब पानं, खालून फिकट. खडकाच्या चिरेत दडलेली मुळं. आणि फांदी अशी चिवट की गाठ मारली तरी मोडायची नाही. गावात त्याला शेरणी म्हणत. लहानपणी तो त्याच झुडपांवर कपडे टाकून पोहायला उतरायचा, पण त्या वयात झुडपाकडे कोण बघतंय?

त्याच्या उसाची विहीर नदीकाठीच होती, वडिलांनी सुरुंग लावून पाडलेली. तो पलटणीत असताना त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं, तिच्यावर एकटीनं मोट हाकून ऊस जगवला होता. पण दर पावसाळ्यात कृष्णा काठाचा घास घेत विहिरीकडे सरकत होती. असेच आणखी थोडे पूर आले की विहीर नदीच्या पोटात जाणार होती. विहीर गेली तर ऊस तर जाईलच, पण आपले सगळे कष्टही पाण्यात जातील, या धास्तीनं सुलाबाईच्या घशाखाली घास उतरत नसे.

"काळजी करू नगंस," हवालदार म्हणाला, "काठाला शेरणीची पलटण उभी करतो."

त्यानं पात्रातून शेरणीच्या फांद्या तोडून आणल्या, उसाच्या कांड्या लावाव्यात तशा काठावर लावल्या, आणि त्याही दोरी धरून एका ओळीत. रांगेबाहेर गेलेली कांडी उपटून पुन्हा लावली. सकाळी रांगेसमोरून छाती काढून चालायचा. शेजारचा गुंडा बांधावरनं विचारायचा, "हवालदार, पलटण जेवली का न्हाई अजून?"

कांड्या फुटल्या, कोवळी तांबूस पानं आली. दुसऱ्या हिवाळ्यात फुलं धरली आणि हवालदार हरखून गेला. तांबडे-पिवळे झुबकेदार तुरे. बोट लावलं की पिवळी धूळ उडायची. पण सगळ्यांनाच असे तुरे नव्हते. काही झुडपांवर नुसती बारीक, लाल केसांची, मरगळलेली फुलं होती.

हवालदाराच्या कपाळाला आठी पडली. "बेण्यात भेसळ झाली!" उसाच्या शेतकऱ्याला याहून मोठी शिवी नाही. त्यात हा पलटणीतला. रांगेत एकासारखा दुसरा नको का? भेसळीची सगळी झुडपं त्यानं मुळासकट उपटून फेकली.

सुलाबाईला वाईट वाटलं. जितंजागतं झाड फेकायचं कसं? त्यातलं एक तिनं उचललं आणि धुण्याच्या दगडाच्या चिरेत खोवून ठेवलं.

पुढच्या पुरात नदीनं नेमकं तेच खिंडार गाठलं, जिथली झुडपं उपटली होती. आतला काठ कोसळला. हवालदार म्हणाला, आता बी पडेल, पोरं उगवतील, खिंडार आपोआप बुजेल. पण एक हिवाळा गेला, एक पावसाळा गेला, आणि रोप म्हणून उगवलं नाही. गुंडानं जाहीर केलं, "पलटण देखणी हाय, पर वांझ हाय." हवालदाराचं पारावर जाणं बंद झालं, झुडपाची गोष्टही बंद झाली. आता त्यालाही जेवण गोड लागेना.

दिवाळीच्या सुमाराला पाणी उतरलं तसं सुलाबाईनं त्याला हाताला धरून धुण्याच्या दगडापाशी नेलं. तिनं खोवलेलं झुडूप चांगलं फोफावलं होतं. खालच्या गाळात बोटभर उंचीची शेरणीची रोपं दाटीनं उभी होती.

"ही कुठनं आली गं?"

"तुमच्या भेसळीची पोरं हायती. उन्हाळ्यात हिला मिरीएवढी बोंडं आली, तीन-तीन फोडींची. तुमच्या तुरेवाल्यांना आलं हुतं का एक तरी?"

हवालदारानं वाकून एक रोप बोटानं हलवून पाहिलं.

"आवं, परसातल्या पपईत नर असतोय, मादी असती, ह्ये पोरंबी सांगतील. हिच्यातबी तसंच हाय. तुमी नुसतं गडी ठेवलं आन् बाया उपटून फेकल्या. बायांबिगर पलटण चालती, हवालदार. गाव न्हाई चालत. तुमची सात वर्सं पलटणीत गेली, तवा हितली मोट कुणी हाकली?"

तिनं हे हसत विचारलं, पण त्याला ते काळजात लागलं. इतक्या दिवसांत ब्रह्मदेशची गोष्ट त्यानं साऱ्या गावाला सांगितली होती. तिची एकदाही विचारली नव्हती. विहिरीपर्यंत जाताना त्यानं ती विचारली, आणि ती ऐकता ऐकता ऊन डोक्यावर आलं.

रोपं दोघांनी मिळून खिंडारात लावली, दोरी न धरता. पावसाळ्यापर्यंत ती धरली. आणि त्या श्रावणात कृष्णा अशी फुगली की आख्खी शेरणी पाण्याखाली गेली. दोघं विहिरीपाशी उभी राहून बघत होती. पाणी ओसरलं तेव्हा झुडपं चिखलानं माखून आडवी पडली होती. मग एकेक फांदी हळूहळू वर उठली. खिंडारातली लहानगीसुद्धा उठली. काठ जिथल्या तिथं होता.

हवालदारानं टाचा जुळवल्या आणि सुलाबाईला कडक सलाम ठोकला. पलीकडून गुंडा खो खो हसला.

"पुरं झालं," सुलाबाई डोळे पुसत म्हणाली आणि शेरणीच्या सावलीला ऐसपैस बसली. "आता मोट तुमी हाका. मी बघती."