धाकट्याने उचललेला वाटा

आमच्याकडे भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जायचे. मी इतिहासाची विद्यार्थिनी, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच... पुरावा नसेल तर बोलू नये, असं मला वाटतं. त्यामुळे हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. शिरवण्यात, खाडीकडच्या बाजूला आमचं भातशेत होतं. आजोबा गेल्यावर आमच्या रीतीप्रमाणे थोरल्याने, म्हणजे बाबांनी, मधे बांध घालून दोन वाटे केले. आधी उचलायचा मान धाकट्याचा. पण धाकटे काका वाटा उचलण्याआधीच उरणहून मचव्यावर, मालाच्या शिडाच्या होडीवर, कामाला गेले, ते परतलेच नाहीत. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. बाबा दोन्ही वाटे कसायचे, पण आपला कुठला ते कधी बोलले नाहीत. आता जमीन सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती. भराव पडायच्या आत भावाने वाटा उचलावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्याच सुमारास सरांनी मला सेमिनारसाठी मध्ययुगीन जर्मनीतलं अनहाल्ट दिलं – लहानसं संस्थान, राजा गेला की मुलांत वाटण्या. एका शाखेचा वंश खुंटला आणि तिचा मुलूख बिशपकडे गेला. तरी भाऊबंद त्या गेलेल्या मुलखाचं नाव आपल्या किताबात लावतच राहिले. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "राजं असून त्यांचीपन जमीन गेली?"

एका दुपारी मी मधल्या बांधावर बसून मोठ्याने तयारी करत होते. "तिथल्या जुन्या कायद्यात थोरला वाटे करी आणि धाकटा निवडी..."

"मंग धाकल्यानी कंचा उचलला?"

मागे एक तरुण उभा होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले.

"पुस्तकात नाही दिलेलं," मी म्हटलं.

"मी मावळतीचा घेतला असता. खारं पानी चढतं, पन मासं गावतात. चांगला राहू दे दाद्याला. सांग त्याला." मग हसला. "नि तुजं राजं लय भांडकुदळ हान गो."

मी पुस्तक सावरून पुन्हा वळले, तर कोणी नव्हतं. सपाट शेत... लपायला एक झुडूपही नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "सर्व्हेवाला आसंल. पोरगी एकटी दिसली, लागला बोलाला."

"पण हा दाद्या कोण?" मी विचारलं.

मग आईनेच सांगितलं – बाबांना त्या नावाने एकटे काकाच हाक मारायचे. मी तरी हा शब्द घरात कधी ऐकला नव्हता.

निरोप ऐकून दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन शेतावर गेले, उगवतीच्या वाट्यात उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो माजा." मला वाटलं, आता त्यांचा जीव निवला. पण परतताना वाटेत थांबून म्हणाले, "शेतावं आयला, मंग घरा का नाय आयला?"

आता तिथे भराव पडून रस्ता झालाय. कदाचित लहानपणी ते नाव माझ्या कानावर पडलं असेल, कदाचित गावातल्याच कुणी थट्टा केली असेल – मी सगळं मांडून पाहिलं. एकही पटत नाही.

बाबा अजून मधूनच विचारतात, "भुकेला दिसत व्हता का गो?"

मी दर वेळी नाही म्हणते. खरं म्हणजे मला माहीत नाही.