चाळणीबाई आणि उरलेली चार पाकिटं

मला ही बाई कधीच आवडली नाही, आणि हे लिहून झाल्यावर आवडायला लागेल अशी आशाही नाही. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होतेय. हॉस्पिटलच्या वार्षिक अंकात तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं अधीक्षकांनी सांगितलं, आणि सांगितलं तेही नेमकं मला. माझा तिच्याशी सगळ्यात जास्त संबंध आला म्हणे. उंदराचा आणि मांजराचाही संबंध येतोच.

तिला सगळे चाळणीबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. तळघरात वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती बसते. डोक्यावरून गरम पाण्याचे पाइप गेलेले, भिंतीला जुन्या एक्स-रेंची कपाटं. तिचं काम असं, की एखादा डॉक्टर विचारतो, अमुक उपचाराने खरंच गुण येतो का? मग ही बाई जगात त्यावर जेवढे अभ्यास छापून आलेत तेवढे गोळा करते, ठरलेल्या नियमांनी चाळते, उरलेल्यांची एकेक करून झडती घेते, त्यांचे आकडे एकत्र मांडते आणि सांगते: येतो, येत नाही, किंवा सांगता येत नाही. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. नियम आधी लिहून टाकायचे, मग काही झालं तरी बदलायचे नाहीत. मला विचाराल तर असं जगता येत नाही, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

त्याआधी बावीस वर्षं ती टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासायची. डिरेक्टरी छापणं बंद झालं आणि ही आमच्या गळ्यात पडली. एवढी वर्षं आकडे बघून तिची नजर अशी झालीये की समोरचा माणूस दिसायच्या आधी तिला त्याची चूक दिसते. घरी थोरली बहीण, जन्मापासून ठार बहिरी. दोघींनी लग्नं केली नाहीत. घरात रेडिओ नाही आणि टीव्ही कायम मुका. ही सगळी माहिती वॉर्डातल्या मावशींनी मला पुरवली आणि मी ती जपून ठेवली, कारण असली माहिती भांडणात उपयोगी पडते.

भांडण खोलीचं होतं. तिसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरच्या जरा अलीकडे माझी खोली आहे. ऑपरेशनला जाणारी घाबरलेली माणसं मी तिथे बसवतो आणि त्यांना संगीत ऐकवतो, कधी हेडफोनवर, कधी स्वतः बासरी वाजवून. दारावर 'संगीतोपचारक' अशी पाटी आहे, वॉर्डात मात्र मी बासरीवाला. सहा वर्षांपूर्वी अधीक्षकांना धुतलेल्या चादरी ठेवायला जागा हवी झाली आणि त्यांचा डोळा माझ्या खोलीवर गेला. मी आरडाओरडा केला. तेव्हा त्यांनी ठरवलं, की संगीताने भीती कमी होते याला पुरावा आहे का ते चाळणीबाई बघतील. असेल तर मी राहीन, नसेल तर चादरी.

पहिल्याच दिवशी मी पेशंटांच्या पत्रांची फाइल काखेत मारून खाली गेलो. तिने फाइल उघडलीसुद्धा नाही.

"ही ज्यांना बरं वाटलं त्यांची पत्रं," ती म्हणाली. "ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांची फाइल कुठेय?"

"ते कशाला पत्र लिहितील?"

"तेच म्हणतेय मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जपून ठेवलेलं अस्त्र मी तिथल्या तिथे काढलं. "ज्या घरात कधी गाणं लागलं नाही, त्या घरातल्या बाईने आता गाण्याचा निवाडा करायचा?"

तिचा चेहरा हलला नाही. "ताईला ऐकू येत नाही, मला येतं," ती म्हणाली. "आणि गाण्याचा निवाडा मी कशाला करू? गाण्यावर कागद काळे करणाऱ्यांचा करतेय. दार ओढून घ्या जाताना, पाइपांनी उकडतं पण बाहेर आवाज फार असतो."

अकरा महिने चाळण चालली. दोन हजार तीनशे चौदा अभ्यास निघाले. प्रत्येक अभ्यास दोघांनी वाचायचा, तोही दुसऱ्याने काय ठरवलं ते न बघता. दुसरे म्हणजे एक निवृत्त गणिताचे मास्तर. दोघांच्या मध्ये टेबलावर बाई फायलींची भिंत उभी करायची, परीक्षेत पोरं कॉपी करू नयेत म्हणून दप्तरं ठेवायला लावतात तशी. डबा खातानाही ती भिंत हटवत नाही, अशी मास्तरांनी माझ्याकडे तक्रार केली होती. मतं जुळली नाहीत की दोघं तास तास भांडायची आणि मास्तर रुसून लवकर घरी जायचे. बाई कधी रुसली नाही, रुसायला माणसाला स्वभाव लागतो. शेवटी चाळणीत एकोणीस अभ्यास उरले, आणि त्यांतला एक माझा होता.

हो, माझाही एक अभ्यास आहे. साठ पेशंट, त्यांतल्या तीस जणांना संगीत, तीस जणांना नुसती शांत खोली. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठीने ठरायचं. पाकिटांवर क्रमांक, आत कार्ड, पाकीट बंद. पेशंट येईल तसं पुढचं पाकीट फोडायचं आणि कार्ड सांगेल ते करायचं. भीती आधी किती आणि नंतर किती, ते मोजायचं. एका लहानशा मासिकात तो छापून आला होता. एकोणिसांत सगळ्यात घवघवीत गुण माझ्याच अभ्यासात दिसत होता. मला वाटलं, आता बाई पडते तोंडघशी.

मग तिची ई-मेल आली. मी तिच्या डोक्यावर चार मजले बसतो, पण लेखकाला शंका लेखीच विचारायची असा नियम. 'माननीय लेखक महोदय, आपल्या अभ्यासातील पाकिटे आतले दिसणार नाही अशी जाड होती काय?' मी उत्तर दिलं नाही. दोन आठवड्यांनी तीच मेल, वर 'पहिले स्मरणपत्र'. त्याच दुपारी आम्ही दोघं लिफ्टमध्ये अडकलो. पाच मिनिटं तिने माझ्या खोकल्याची चौकशी केली, पाकिटांचा शब्दही काढला नाही. आणखी दोन आठवड्यांनी 'दुसरे स्मरणपत्र' आलं. त्यालाही मी दाद दिली नाही, तेव्हा ती स्वतः जिने चढून वर आली.

आता इथे खरं सांगणं भाग आहे. पाकिटं पातळ होती. स्टेशनरीच्या कपाटातली साधी पांढरी. चौथ्या-पाचव्या पेशंटलाच माझ्या लक्षात आलं, की ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं कार्ड वाचता येतं. तेव्हापासून मी पुढचं पाकीट आधी बघायचो आणि त्याप्रमाणे पेशंट पुढे-मागे करायचो. हसतमुख, छोट्या ऑपरेशनचा माणूस संगीताच्या पाकिटापाशी. रडवेला, मोठ्या ऑपरेशनचा माणूस शांत खोलीच्या पाकिटापाशी.

एक शिंपीणबाई आली होती. पोटाचं मोठं ऑपरेशन, पाचावर धारण बसलेली. बोटांना सुईचे घट्टे पडलेले, ती बोटं एकमेकांत गुंतवून म्हणाली, "दादा, तुमची बासरी जिन्यात ऐकू आली. मला ऐकवा ना थोडी, जीव थाऱ्यावर नाही माझा." त्या वेळी माझ्या हातात सदतीस नंबरचं पाकीट होतं आणि त्यात संगीत होतं. एवढी घाबरलेली बाई माझे आकडे बिघडवणार म्हणून मी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि तिच्याआधी एका हर्नियावाल्याला आत घेतलं. तिच्या वाट्याला शांत खोली आली. स्ट्रेचरवरून नेताना ती मान वळवून माझ्या दाराकडे बघत होती. मी तेव्हा हर्नियावाल्याचे आकडे लिहीत होतो.

चाळणीबाई माझ्या खोलीत आली तेव्हा धापा टाकत होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"चौसष्ट पाकिटं केली होती तुम्ही, वापरली साठ. चार उरली असतील."

अभ्यासाचे कागद पंधरा वर्षं जपायचे असा नियम आहे. पाकिटं कपाटात होती. फेकली म्हणालो असतो तर? पण तिच्यासमोर जीभ रेटेना. मी ती काढून दिली. तिने पहिलं खिडकीच्या उजेडात धरलं.

"संगीत," तिने वाचलं. दुसरं धरलं. "शांत खोली. वाचता येतं अहो."

"येत असेल. मी कधी धरून बघितलं नाही."

"तुमच्या संगीताच्या गटात हर्नियाच हर्निया आहेत. मोठी ऑपरेशनं सगळी पलीकडे."

"नशीब एकेकाचं."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बघितलं नाही, हे लेखी द्या."

"माझ्या शब्दाला किंमत नाही का?"

"शब्द मला तक्त्यात भरता येत नाही. लेखी असलं की भरते."

मी लिहून दिलं, खाली सही, तारीख. तिने चार पाकिटांची मला पावती दिली आणि कठडा धरत जिना उतरली. लिफ्ट बंद होती.

आढावा तिने सभागृहात वाचला. ती नेहमीच्या रटाळ आवाजात म्हणाली, "संगीताने ऑपरेशनआधीची भीती थोडी कमी होते. बरेच अभ्यास कच्चे आहेत, म्हणून खात्री कमी. अपाय कुठेही दिसला नाही. खोली राहू द्यायला हरकत नसावी." मी सुटलो म्हणून श्वास सोडला, तेवढ्यात तिने पान उलटलं. "एका अभ्यासात पाकिटं पातळ होती. तो वगळून आकडे पुन्हा मांडले. अठरांवरही उत्तर तेच येतं."

लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि मला ती बाई डोळ्यांसमोर नको झाली होती. म्हणजे माझा अभ्यास असला काय आणि नसला काय. मी ट्यूबलाइटसमोर उभा राहून जे वाचवत होतो ते माझ्याशिवाय वाचलंच होतं. मी आयुष्यभर गाण्याची बाजू घेऊन भांडलो, पण घाबरलेल्या शिंपीणबाईसमोर गाणं टिकेल यावर माझाच विश्वास नव्हता. आणि आढाव्याच्या मागे जोडलेल्या तक्त्यात, माझ्या अभ्यासापुढे, तिने छापून ठेवलं: 'लेखकाने लेखी कळवले आहे की पाकिटे उजेडात धरून पाहिली नव्हती.' पाच वर्षं ते वाक्य मला छळतंय. मला तिचा राग आहे, अजूनही आहे. तिने मला खोटारडा म्हटलं असतं तर मी कडाडून भांडलो तरी असतो.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा वर आली. चारही पाकिटं टेबलावर ठेवली, पावती परत मागितली, माझा खोकला कसा आहे ते विचारलं.

"आढाव्याची नवी आवृत्ती काढतेय जायच्या आधी," दारातून ती म्हणाली. "कोणाला काही दुरुस्ती कळवायची असेल तर महिनाअखेरपर्यंत."

"लेखी?"

"लेखीच."

तर अधीक्षकसाहेब, चार चांगले शब्द माझ्याच्याने होणार नाहीत. बाई खडूस आहे, रटाळ आहे, मास्तरांना तिने डबासुद्धा सुखाने खाऊ दिला नाही. तुमच्या अंकासाठी दुसरं कोणी बघा. हा कागद मी आज दुपारी तळघरात नेऊन तिच्या टेबलावर ठेवणार आहे. खोली राहील, माझी पाटी राहील की नाही ते तुम्ही ठरवा.

बाई, पाकिटं मी उजेडात धरून बघितली होती. पाचव्यापासून पुढची सगळी. खाली सही आणि तारीख आहे. सदतीस नंबरचं पाकीट शिंपीणबाईचं होतं.