आडवी जाणारी गोळी

कागदावरचं भोक लांबट होतं. साबणाच्या वडीएवढं, कडा फाटलेल्या. त्याच्या आधीची सगळी भोकं नीट गोल.

"शेखभाई, काय झालं?"

"मॅडम, काय सांगू? गन स्टँडला बोल्ट केलीय. मी नुसती दोरी ओढतो."

शेखभाई पौडचे. आमच्या टेस्ट रेंजवर फायरिंग तेच करतात, रिपोर्टवर सही माझी असते. आमची कंपनी उरवड्याच्या पुढे आहे, काडतुसं बनवते. सगळा माल एक्सपोर्टचा. आपल्याकडे शिकार बंद आहे, त्यामुळे आम्ही काय बनवतो हे नातेवाइकांना समजावताना माझी दरवेळी पंचाईत होते.

शॉटगनमधून एरवी छर्रे उडतात. मोठ्या जनावरासाठी छर्‍यांच्या जागी एकच जाड गोळी भरतात, तिला स्लग म्हणतात. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते, म्हणून गोळीला फिरकी मिळत नाही आणि ती हवेत कोलांट्या खाऊ शकते. परदेशातल्या क्लायंटने त्यावर वेगळंच डिझाइन पाठवलं होतं. पुढे तांब्याचं पोकळ डोकं, मागे प्लास्टिकची शेपटी. बॅडमिंटनच्या फुलासारखं, डोकं कायम पुढे राहावं म्हणून. लांबट भोक म्हणजे गोळी आडवी होऊन लागली.

पुढचे शॉट पुन्हा गोल. मग एक आडवा. मग बरेच गोल.

आम्ही गन बदलली. तेच. उन्हाने प्लास्टिक मऊ पडत असेल म्हणून काडतुसं एसीत ठेवली. तेच. शेपटी हवेत निसटत असेल असं वाटलं, म्हणून प्रत्येक शॉटनंतर टार्गेटमागच्या मातीच्या ढिगातून ती गोळी उकरून काढली. आडव्या गेलेल्या एका गोळीची शेपटी जागच्या जागी होती आणि सरळ गेलेल्या एकीची गायब. मी त्या दोन्ही तळहातावर घेऊन बराच वेळ उभी राहिले. मला काही म्हणजे काही कळेना.

देशपांडे सर आमचे प्लांट हेड. ते रेंजवर आले, कागद चाळले आणि म्हणाले, "बहुतेक गोलच आहेत की."

"पण आडवी का जाते ते सापडत नाहीये, सर."

"शुक्रवारी क्लायंटचा कॉल आहे. ही ऑर्डर मिळाली तर दुसरी लाइन चालू करता येईल. तोवर शोध, नाहीतर पास करून टाक."

मग मला एक धागा मिळाला. शेपट्यांच्या साच्यात दोन कप्पे होते आणि कुठल्या कप्प्यातून निघाली त्याचा बारीक आकडा प्रत्येक शेपटीवर उमटतो. भिंगातून पाहिलं तर आडव्या गेलेल्या सगळ्या दोन नंबरच्या. त्या दिवशी मी जेवणाचा डबा पूर्ण संपवला. दुसर्‍या दिवशी फक्त एक नंबरच्या शेपट्या भरून फायर केल्या. सकाळभर सगळं गोल. जेवणानंतरचा पहिलाच शॉट आडवा.

शेखभाईंनी नवीन कागद लावला. 

संध्याकाळी गेटवर मारुतीआबा भेटले. रेंजच्या कुंपणापलीकडे त्यांचं भाताचं खाचर आहे. आवाजाने म्हैस बिथरते म्हणून ते अधूनमधून भांडायला येतात.

"काय मारताय येवढं रोज?"

"कागद, आबा. गोळी सरळ जाते का बघतोय. तिकडच्या देशात रानडुकरासाठी वापरतात."

"मग जातीय का?"

"बहुतेक वेळा जाते."

आबा थांबले. "बहुतेक म्हंजी? माझ्या थोरल्या भावाला डुकरानं मांडीपासून फाडला हुता. कुणीतरी चोरून बार टाकला, नीट लागला न्हाई, डुक्कर तसंच उसात बसलं. हा सकाळी पाणी द्यायला गेला. त्याला काय ठावं?"

"वाचले का?"

"वाचला. पर पाय गेला."

मग ते म्हशीवरून भांडले, नेहमीप्रमाणे.

शुक्रवारी सकाळी मी रिपोर्ट दिला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'वापरण्यायोग्य नाही. कारण समजले नाही.'

"असं कोण लिहितं?" सर म्हणाले. "कारण नाही आणि नापास? ते विचारणार, तुम्ही इतके दिवस केलंत काय?"

"सर, कारण मला खरंच माहीत नाही. पण सही माझी आहे. जनावर जखमी होऊन पळालं तर ते कुणाच्या तरी वाटेत येणार."

"ते जंगल तिकडचं आहे."

"माणसं तिकडेही असतीलच ना, सर."

त्यांनी रिपोर्ट उलटा ठेवला. कॉल सुरू झाला तेव्हा सरळ केला आणि शेवटची ओळ स्वतःच वाचून दाखवली. ते असं करतील असं मला वाटलं नव्हतं. पलीकडच्या इंजिनीअरने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, आम्हालाही कारण सापडलेलं नाही, आमच्याकडेही हेच होतंय. तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

ते डिझाइन त्यांनी मागे घेतलं. काही महिन्यांनी ऑर्डर आली, साध्या जुन्या शिशाच्या स्लगची, अपेक्षेपेक्षा बरीच लहान. दुसरी लाइन अजून बंदच आहे. गोळी आडवी का जायची ते आजही मला ठाऊक नाही. एवढं मात्र शिकले की नापास करायला कारण माहीत असावं लागत नाही. पास करायला लागतं.