दुसरी सही

"माझ्या तोंडाकडे बघून सही करू नका, मॅडम. कामाकडे बघून करा."

असं म्हणून ते वही पुढे करायचे, पेनाचं टोपण काढून पेन वहीवर आडवं ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरकून, पाठीशी हात बांधून उभे राहायचे. तपासणारा तपासत असताना त्याच्या मानगुटीवर उभं राहू नये, असं त्यांचं मत होतं. मग मी गाडीच्या उघड्या तोंडात डोकं घालायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. निवृत्त होऊन वर्षं लोटतात, पण नोकरी अंगातून उतरत नाही. हे हवाई दलात विमानांच्या इंजिनांवर काम करत. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि शेवटची बदली चंदीगडची होती म्हणून इथेच घर घेऊन राहिले. मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. सगळी गल्ली त्यांना 'वॉरंट साब' म्हणायची.

आमची ओळख माझ्या ऑफिसात झाली. मी सेक्टर ३० मधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासते. कुणाचा दाबमापक, कुणाचा वजनकाटा; तो खरं बोलतो की नाही हे बघायचं आणि दाखल्यावर सही करायची, हे माझं काम. एक दिवस हे टॉवेलात गुंडाळलेला टॉर्क पाना घेऊन आले. नट किती जोराने आवळला हे सांगणारा हा पाना. घरच्या पान्याची तपासणी करून घ्यायला आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. रीतसर अर्ज भरून, पावती घेऊन ते गेले. आठवड्याने दाखला न्यायला आले तेव्हा उभ्या उभ्या त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि हिंदीत म्हणाले, "मॅडम, आपके साइन तो हैं, पर तापमान का खाना खाली है." तापमानाचा रकाना खरंच रिकामा होता. मी कान पकडून नवा दाखला करून दिला. त्यावरचं माझं आडनाव वाचून त्यांनी मराठीत गाव विचारलं, आणि ते आमच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर राहतात असं निघालं. त्या संध्याकाळीच त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मला चहाला बोलावलं.

त्या पान्याचं कारण दारात उभं होतं. त्यांची हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असलेली, जवळच्या डेराबस्सी गावाहून येताना तापली आणि इंजिन जाम झालं. पाणी संपलेलं. थर्मोस्टॅटने दगा दिला, असं ते सांगत. मेकॅनिकने इंजिन बाद ठरवलं. नवं घेण्यापेक्षा गाडी भंगारात घाला, असा सल्लाही दिला.

यांनी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून जपानहून आलेलं वापरलेलं इंजिन मागवलं आणि ते स्वतः घरी बसवायचं ठरवलं. इंजिनाचा नंबर बदलल्याची नोंद गाडीच्या कागदांवर व्हावी म्हणून सगळ्या कागदपत्रांची फाईलसुद्धा आधीच करून ठेवली होती. समोरचे सरदारजी फाटकाशी येऊन म्हणाले, "वॉरंट साब, मकैनिक नूं दे दो यार. ठंड विच क्यों मरदे हो." थंडीत कशाला मरता, मेकॅनिकला द्या, असं त्यांचं म्हणणं. वॉरंट साब नुसते हसले.

हौस म्हणून ते हे करत नव्हते, हे मला काकूंनी स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. मुलगा पुण्यात होता आणि तो यांना कायमचं तिकडे न्यायला निघाला होता. आता बाबांना एकट्याने जमत नाही, गाडी तर चालवूच नये, असं त्याचं म्हणणं. बरीच वादावादी झाली आणि शेवटी एक ठरलं. यांनी स्वतःच्या हाताने इंजिन बसवून गाडी चालू करून दाखवली, तर मुलगा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर उन्हाळ्याच्या आत घर विकायचं.

"आयुष्यभर ट्रंका बांधल्या," काकू म्हणाल्या. "ह्या घरात पहिल्यांदा भितीला खिळा ठोकला मी. तुमी त्यांचं काम नीट बघा. नुसती सही नका मारू."

सहीचं प्रकरण असं होतं. विमानावर काम केलेल्या माणसाला एकट्याचं काम पुरं वाटत नाही. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांच्या सह्या झाल्या की ते झालं. त्यांनी लांब वही आखली होती. डावीकडे काम, मग दोन रकाने, 'केले' आणि 'तपासले'. दुसऱ्या सहीसाठी त्यांनी मला धरलं, कारण रिकामा रकाना मी पुन्हा ठेवणार नाही अशी त्यांची खात्री होती. रोज जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. हिवाळ्याचं ऊन दुपारी त्यांच्या पोर्चमध्ये तेवढ्यापुरतं यायचं. तीन पायांच्या घोडीला चेनपुली लावून त्यांनी जुनं इंजिन बाहेर काढलं होतं. नवं लाकडी फळीवर बसलं होतं, अंगावर जपानी अक्षरांची चिकटपट्टी.

दुसऱ्याच दिवशी मला एक बोल्ट ढिला सापडला. मी भीत भीत सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "मुद्दाम ठेवला होता. बघत होतो, बघता की नुसतं गिरवता." हवाई दलात त्यांचे सार्जंट असंच करायचे म्हणे. शिकाऊ पोरांसाठी एखादा नट मुद्दाम सैल सोडायचे, आणि ज्याला तो सापडला नाही त्याला दिवसभर हँगर झाडायला लावायचे. मला काकूंनी शेंगदाण्याची चिक्की दिली. मी ऑफिसात परत गेले ती शाळेत पहिला नंबर आल्यासारखी.

चौथ्या दिवशी एक क्लिप बसवलेली नव्हती. "पकडलंत," ते म्हणाले. पाचव्या दिवशी एक रबरी पाइप नुसताच टेकवलेला. सहाव्या दिवशी दोन गोष्टी. मी प्रत्येक वेळी सांगायची, ते "शाबास" म्हणून दुरुस्त करायचे, मी सही करायची आणि आम्ही दोघंही हसायचो. माझी परीक्षा रोज कठीण होत चालली आहे, याचा मला चक्क अभिमान वाटत होता. मी उपकरणांची अचूकता तपासणारी, कॅलिब्रेशनवाली बाई. एखाद्या काट्याची चूक रोज थोडी थोडी वाढत गेली तर तो काटा बिघडलाय, हे मी झोपेतही सांगेन. इथे मात्र मला ते दिसलं नाही. खरं तर दिसलं असावं, पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

हायब्रिड गाडीच्या डिकीत एक नारिंगी प्लग असतो. तो काढला की मोठ्या बॅटरीची वीज तुटते, मगच पुढे हात घालायचा. ती वीज माणसाला जागच्या जागी मारू शकते. वहीत रोजचं पहिलं काम तेच होतं. प्लग काढायचा आणि ते तो शर्टाच्या खिशात ठेवायचे, म्हणजे काम चालू असताना दुसरं कुणी चुकूनही तो लावू शकणार नाही. माझी तपासणीही तिथूनच सुरू व्हायची.

नवव्या दिवशी मी पोचले तेव्हा इंजिन जागेवर बसलं होतं. ते वाकून जाड नारिंगी केबल जोडत होते, हातमोजे न घालता. मी सवयीने आधी डिकीकडे गेले. प्लग जागेवर होता.

मी त्यांना हात बाहेर घ्यायला सांगितलं. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, ते लगेच मागे झाले. गाडीचं बटण बंद होतं म्हणून त्या केबलपर्यंत वीज आलेली नव्हती, एवढंच. ते डिकीशी आले, प्लगकडे बघितलं आणि म्हणाले, "पकडलंत. शाबास."

मी हसणार होते. खोटं कशाला सांगू, ओठ हलले होते. पण त्यांचा हात शर्टाचा खिसा चाचपत होता. रिकामा खिसा पुन्हा पुन्हा चाचपत होता, आणि चेहऱ्यावर एखाद्या अनोळखी स्टेशनवर उतरलेल्या माणसाचे भाव होते.

आम्ही पोर्चच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, "काका, हे सगळं तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं का?" इतके दिवस मी त्यांना सर म्हणत असे.

ते पान्याला लागलेलं ग्रीस पुसू लागले. एरवी ते शहरी मराठी बोलत. त्या वेळी गावचं बोलले.

"पहिला बोल्ट मुद्दाम हुता."

मग त्यांनी डेराबस्सीचंही सांगितलं. थर्मोस्टॅट वगैरे काही नव्हतं. "लाल दिवा लागला हुता. दिसत हुता मला. कशाचा त्ये आठवंना. इंजिनावर उभं आयुष्य काढलं मी, मॅडम, आन् त्यो दिवा कशाचा त्ये आठवंना. म्हणून चालवत ऱ्हायलो."

त्यांच्यापेक्षा मला स्वतःची जास्त लाज वाटली. वहीत माझ्या किती तरी सह्या होत्या. प्रत्येक चूक मी पकडली होती, आणि पकडून खेळीमेळीत मिटवली होती. दुसरी सही ज्यासाठी असते तेवढं सोडून मी बाकी सगळं केलं होतं.

काम सोडा, असं मला म्हणता आलं नाही. त्यांनाही सोडायचं नव्हतं. मी ऑफिसातून रजा घेतली. त्यानंतर मी शेजारी स्टुलावर बसून वहीतलं एकेक काम मोठ्याने वाचायची, ते करायचे, मी बघायची, मग पुढचं. प्लग माझ्या पर्समध्ये. आणि ऐका, त्यांचे हात अजिबात चुकत नव्हते. काय करायचं हे कानावर पडलं की ते हात असे चालायचे की बघत राहावं. नट बोटांनी लावताना ते डोळे मिटायचे. आटे नीट धरले की नाही हे बोटांना कळतं, असं म्हणायचे.

रविवारी सकाळी गाडी चालू झाली. मुलगा फोनवर व्हिडिओत बघत होता. अशी गाडी आधी नुसत्या विजेवर जागी होते, म्हणून सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही, मग इंजिनाने हळूच सूर धरला आणि कुठेही अडखळलं नाही. मुलगा म्हणाला, "मान गए, पापा." छावण्यांमधल्या शाळांत वाढलेला तो, मराठी कळायची पण उत्तर हिंदीत. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

वहीचं शेवटचं काम उरलं होतं. 'गाडी रस्त्यावर नेण्यास योग्य.' त्यांनी सही केली आणि वही माझ्यापुढे धरली. काकू दारातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय हवं होतं ते मला पुरतं कळत होतं. ठरल्याप्रमाणे गाडी चालू झाली होती; एक सही केली की ते घर राहणार होतं. मी पेन उचललं, आणि ते तसंच धरून बसले.

त्यांनी माझी अडचण माझ्याआधी ओळखली. "इंजिन योग्य आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग तेवढंच लिहा. चालवणाऱ्याचं मी सांगतो."

त्यांनी काकूंच्या हातातून फोन घेतला आणि मुलाला म्हणाले, "बेटा, गाड़ी ठीक है. मैं ठीक नहीं हूँ. आके ले जाओ."

काकू आत निघून गेल्या. मी निघताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुमी सही केली असती तर काय बिघडलं असतं? मी हुते की त्यांच्या शेजारी." त्यांना गाडी चालवता येत नव्हती, लाल दिव्याचं काही कळत नव्हतं, पण मला ते तोंडावर म्हणवलं नाही. नंतर कित्येक दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझं चुकलं नाही असं मी स्वतःला सांगते, आणि तरी त्या घरावरून जाताना पाय उचलत नाही.

मार्चमध्ये मुलगा आला. घराचा व्यवहार झाला, सामान ट्रकने गेलं. गाडी मात्र विकायची नाही, असं त्याने ठरवलं. ती पुण्यापर्यंत तो स्वतः चालवत घेऊन गेला. निघताना वॉरंट साब सवयीने चालकाच्या दाराशी आले, दार उघडून उभे राहिले, मग मुलासाठी ते तसंच धरून ठेवून पुढून वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले. मला हात केला, पण कुणाला करतोय हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं की नाही, याची मला खात्री नाही.

आता त्या घरात एक तरुण डॉक्टर जोडपं राहतं. काकूंचा राग निवळला, त्या अधूनमधून फोन करतात. मागच्या महिन्यात केला होता. गाडी छान चालते म्हणाल्या, एकदासुद्धा गॅरेज दाखवावं लागलं नाही. मग म्हणाल्या, परवा मुलाने पाणी बघायला बॉनेट उघडलं तर हे जवळ जाऊन उभे राहिले. हलेचनात. प्रत्येक नटावरून बोट फिरवून बघितलं आणि काकूंना विचारलं, "कुणी बसवलं हे इंजिन?"

काकूंनी त्यांच्या बोटाला लागलेलं काळं पदराने पुसलं.

"चांगला हात हाय त्याचा," ते म्हणाले. "भेटला कधी तर सांग त्याला."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"सांगते म्हटलं," काकू म्हणाल्या.