देवाची उजवी

तो रोबो आमच्या शाळेत पंधराच दिवसांसाठी आला होता. आकाराने आमटीच्या वाटीएवढा. खाली चाकं, पाठीवर बाणांची बटणं. पहिलीच्या मुलांनी बघताक्षणी त्याला भुंगा म्हणायला सुरुवात केली. असे चार-पाच भुंगे तालुक्यातल्या शाळांमधून फिरत होते. प्रत्येक मुलाने तो चालवायचा, व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा, आणि मग तो गडब गावच्या शाळेला द्यायचा. दुसऱ्याच दिवशी इतर शाळांचे व्हिडिओ पडू लागले. मी रोज रोह्याहून पेणला गाडीने येते. निडी स्टेशनपासून कासूपर्यंत दहादा फोन काढून बघायची आणि दहादा चरफडायची.

वर्गात मी फरशीवर खडूने चौकोन आखले. एकात घर काढलं, एकात विहीर, एकात शाळा. आधी तोंडाने दिशा सांगायची, मगच बटण दाबायचं, हा नियम माझाच. मुलं माझ्या बाजूला बसलेली, भुंगा समोरून आमच्याकडे तोंड करून येणारा, आणि विहीर आमच्या डाव्या हाताला.

पहिली पाळी एका मुलीची होती. तिची आई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. मुलगी म्हणाली, "उजवीकडे."

"नीट बघ. विहीर तुझ्या कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"मग भुंगा कुठे वळवायचा?"

"उजवीकडे."

तिसऱ्यांदाही तेच. माझं डोकंच सरकलं. "डावं-उजवं कळत नाही आणि निघाली रोबो चालवायला!" वर्ग खो खो हसला. बटणाला हात लावू न देताच मी तिला खाली बसवलं. पुढच्या मुलाने "डावीकडे" म्हटल्यावर शाबासकी दिली. त्याने बटण दाबलं आणि भुंगा विहिरीकडे पाठ करून थेट भिंतीवर आपटला. तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. खराब नग दिलात म्हणून मी तो पाठवणाऱ्यांना फोनवर ठणकावलं.

त्या दिवसापासून ती मुलगी भुंगा बाहेर काढला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. बाकी सगळ्यांचे व्हिडिओ कसेबसे झाले. तिचा एकटीचा राहिला आणि हातात एक दिवस उरला. शाळा सुटल्यावर मी तणतणत कारखान्यात गेले, तिच्या आईकडे तक्रार करायला.

आई मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. समोर एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं. त्याला उजव्या सोंडेचा गणपती हवा होता आणि तो भलत्याच मूर्तीकडे बोट दाखवत होता. आईने कुंचला न उचलताच सांगितलं, "ती डावी हाय, दादा. उजवी देवाची बघायची, आपली नाय. तो आपल्याकडं तोंड करून बसलाय ना?"

भुंगाही आमच्याकडे तोंड करूनच येत होता! आईने विचारलं, "काय झालं, बाई? पोरीनं काय केलं का?"

"तिने नाही," मी म्हणाले. "मीच गाढवपणा केला."

दुसऱ्या दिवशी दुपारी भुंगा न्यायला माणूस येणार होता. सकाळपासून माझं लक्ष दाराकडे. प्रार्थना उरकली तशी मी त्या मुलीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ही बरोबर होती. बाईच चुकल्या." मी भुंगा तिच्यापुढे ठेवला. तिचे हात पाठीमागेच.

"अगं, तुला माहीत होतं, तर तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "तीनदा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फरशीवर तिच्याशेजारी बसले, म्हटलं, "आता चालव बघू."

तिने एक हात पुढे केला. बटणाच्या वर बोट धरलं आणि थांबली. माझ्या चेहऱ्याकडे बघत हळूच विचारलं, "बाई, आज उजवी कुणाची धरायची? तुमची का भुंग्याची?"