शेंगदाण्याचा रस्सा, माझ्या हातचा

डॉक्टरकाकूंनी तोंडातला घास टिश्यूत काढला. टिश्यूची नीट चौकोनी घडी केली. घडी ताटलीच्या कडेला ठेवली, ताटली माझ्याच टेबलावर ठेवली आणि त्या हात धुवायला वॉशरूमकडे गेल्या.

त्या ताटलीत मी केलेला शेंगदाण्याचा रस्सा होता आणि टोमॅटोतला लाल आफ्रिकी भात, जोलोफ. दुसऱ्यांदा वाढून घेतलेला. मिनिटभरापूर्वी काकू बोटं चाटत होत्या.

मी डाव हातात धरून पाहत राहिले. राग आला नाही. रडू आलं नाही. कॅनडात, विनिपेगच्या थंडीत हातमोजे विसरून बसस्टॉपवर उभं राहिलं की आधी बोटं दुखतात आणि मग दुखायची थांबतात. तसं झालं.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची ही गोष्ट. डिसेंबरच्या सुट्टीत आम्हा मराठी लोकांचं एकत्र जेवण असायचं, कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये. कुणी काय आणायचं त्याची यादी डॉक्टरकाकू करायच्या आणि सगळ्यांना ईमेल करायच्या. काकू सत्तरच्या दशकात इथं आलेल्या, मोठ्या डॉक्टर, आता रिटायर्ड. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. यादीत कुणाच्या नावापुढे मसालेभात, कुणाच्या पुढे श्रीखंड. काकूंच्या स्वतःच्या नावापुढे दाण्याची चटणी, दरवर्षी. माझ्या नावापुढे प्लेट्स, चमचे आणि पॉप, म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटल्या. तेही दरवर्षी.

आधी वाटलं, आपण नवीन आहोत म्हणून असेल. मग पुण्याची एक मुलगी आमच्यानंतर तीन वर्षांनी आली. तिला पहिल्याच खेपेला पुरणपोळ्या करायला मिळाल्या. पोळ्या फाटल्या होत्या, पुरण बाहेर आलं होतं. सगळ्यांनी कौतुक करत खाल्ल्या.

तेव्हा मला काकूंची पहिली भेट आठवली. त्यांचं माहेर नागपूरचं. मी नागपूरची म्हटल्यावर खुलल्या होत्या.

"नागपुरात कुठं गं?"

"इंदोऱ्याला."

"अच्छा."

बस्स. इंदोरा ही आम्हा दलितांची वस्ती; ते नाव घेतलं की नागपूरच्या माणसाला जात वेगळी विचारावी लागत नाही. काकूंचं हसू जागचं हललं नाही. फक्त यादीत माझ्या नावापुढे प्लेट्स आल्या. दुकानातल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, माझा हात न लागलेल्या.

"जाऊ दे ना," नवरा म्हणायचा. "सोपं काम आहे." मीही जाऊ दिलं. पाच वर्षं प्लेट्स नेल्या. आज लाज वाटते ती याची.

त्या वर्षी टूम निघाली, जगभरचं जेवण करू. एकेका घरानं एकेक देश घ्यायचा. इटली, मेक्सिको, चीन हां-हां म्हणता गेले. भारत काकूंनी स्वतःकडे ठेवला. त्या यादीत आफ्रिका हा एक देश होता, आणि तो कुणी घेईना. एक जण म्हणाला, "तिथं खातात तरी काय?" सगळे हसले. मी हात वर केला.

काकूंनी यादी पुन्हा एकदा वरून खाली पाहिली. मग म्हणाल्या, "बरं. बघ कुठून मागवता आलं तर."

मी मागवणार नव्हते. मला एकदा, फक्त एकदा, त्या लोकांनी माझ्या हातचं खायला हवं होतं.

मी एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम करायची. शेजारी अबेना असायची, घानाची. जाडजूड, मोठ्यानं हसणारी. पहिल्याच दिवशी तिनं न विचारता माझ्या डब्यात चमचा घातला होता. "व्हॉट इज धिस? इट्स गुड," म्हणाली आणि परत घातला. कॅनडात आल्यापासून घरच्यांशिवाय माझ्या डब्यात कुणी चमचा घातला नव्हता.

तीन रविवार ती माझ्या घरी आली. स्टुलावर बसून सांगायची आणि मी करायची. भांड्याला हात लावत नसे. "यू कुक. आय टेस्ट." दाणे खरपूस भाजून अगदी गंधासारखे वाटायचे. कांदा, टोमॅटो, आलं. एक झणझणीत मिरची अख्खीच सोडायची, फुटू द्यायची नाही. आणि वर तेल सुटेपर्यंत ढवळत राहायचं, कंटाळायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे याला तर्री म्हणतात. तिला तो शब्द फार आवडला. चव घेतली तर आपली दाण्याची आमटीच, जरा रागीट. मग पामतेलातली चवळी झाली. प्लँटेन म्हणून मोठाली केळी मिळतात, त्यांचे काप तळून झाले. मटण तिनं माझ्यासाठी गाळलं, कारण यादीवर ठळक अक्षरांत शाकाहारी लिहिलं होतं.

जेवणाच्या दिवशी अबेना डोक्याला पिवळं-हिरवं कापड बांधून आली आणि माझ्याबरोबर वाढायला उभी राहिली. लोकांना वाटलं, तिचंच केटरिंग आहे. त्यांना तसं वाटतंय हे मला कळत होतं. मी वाढत राहिले. माझ्या टेबलापुढे रांग लागली होती. पुण्याची ती मुलगी तिसऱ्यांदा केळ्याचे काप घेऊन गेली. मी मनात मोजत नव्हते असं नाही.

काकू दुसऱ्यांदा आल्या. अबेनाला म्हणाल्या, "सो ऑथेंटिक! डू यू हॅव अ रेस्टॉरंट?"

अबेनानं माझ्या खांद्यावर हात टाकला. शाळेत नंबर आलेल्या पोरीची आई हसते तशी हसली. "नो, नो! शी कुक्ड एव्हरीथिंग. इन हर ओन किचन. आय ओन्ली टेस्टेड."

मग तो टिश्यू.

अबेनाचा चेहरा उतरला. तिला वाटलं, तिच्याच सांगण्यात काही चुकलं. हळूच मला विचारलं, "टू मच पेपर?" मिरचीला ती पेपर म्हणते.

मी म्हणाले, "येस. टू मच पेपर."

असं म्हणाले मी. जिनं माझ्या डब्यात चमचा घातला, तिच्या हाताला मी नावं ठेवली. कशासाठी? तर माझी जात तिला कळू नये म्हणून. मी किचनमध्ये जाऊन डाव नळाखाली धरला. पाणी गरम होतं की गार, कळत नव्हतं.

काकू दारात आल्या. आवाज मऊ.

"अगं, मला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे ना, म्हणून. वाईट वाटून घेऊ नकोस. उरलेलं सगळं त्या तुझ्या मैत्रिणीला बांधून दे. आणि पुढच्या वर्षी आपलं प्लेट्सचंच बघ. तुलाही दगदग नको."

मी नळ बंद केला.

"काकू, दाण्याची चटणी तुम्हीच आणलीय. मघाशी मसालेभाताबरोबर खाल्लीत."

"सीन करू नकोस हं. मुलं ऐकतायत."

"ऐकू दे. रस्सा हॉटेलचा वाटला तेव्हा गिळलात. इंदोऱ्याच्या बाईचा निघाला तेव्हा थुंकलात."

माझा आवाज चढला नव्हता. तरी हॉलपर्यंत गेला. कुणीतरी गाणी मोठी केली. काकू वळून गेल्या. कुणी माझ्याकडे आलं नाही, ती पुण्याची मुलगीही नाही. नवरा कोट घेऊन आला आणि खाली बघत उभा राहिला.

पार्किंगमध्ये गाडी गरम होईपर्यंत मी अबेनाला सगळं सांगितलं. इंदोरा, यादी, प्लेट्स, टिश्यू. मी खोटं बोलले तेही सांगितलं. इंग्रजीत जात सांगायला मला शब्द पुरेनात. अबेनाच्या पहिल्या नोकरीत तिच्यासाठी कॉफीचा वेगळा मग ठेवलेला असायचा, एवढंच ती म्हणाली. मग विचारलं, "सो द पेपर वॉज राइट?"

"द पेपर वॉज राइट," मी म्हणाले.

पुढच्या नोव्हेंबरात यादी आली. माझ्या नावापुढे प्लेट्स, चमचे, पॉप. जणू काही घडलंच नव्हतं. नवरा म्हणाला, "यंदा जायलाच नको." मी म्हटलं, जायचं. न जाणं त्यांना फार सोयीचं आहे.

मी एकट्या काकूंना उत्तर पाठवलं नाही. यादीतल्या सगळ्यांना पाठवलं.

"मी शेंगदाण्याचा रस्सा आणणार आहे. माझ्या घरी, माझ्या हातानं केलेला. प्लेट्स ज्यानं त्यानं आपापल्या आणाव्यात."

उत्तर कुणाचंच आलं नाही. मी रस्सा नेला आणि काकूंच्या चटणीशेजारी ठेवला, टेबलाच्या मधोमध. मोठं पातेलं, झाकण काढून. खाणारे थोडे निघाले. अजूनही थोडेच निघतात. मी पातेलं लहान केलेलं नाही, करणारही नाही.